तातडीचं कारण

पडद्यावर वडिलांचं नाव उमटलं तेव्हा मंजिरी बोरसे चहात बिस्किट बुडवत होती. पुंडलिक आहेर, गंगापूर रोड. नाशकात याच नावाचं दुसरं कुणी असेल असं तिला आधी वाटलं. मग तिने खालचा पत्ता वाचला. बिस्किट तुटून चहात पडलं ते तिच्या लक्षातही आलं नाही.

मंजिरी शहर वाहतूक केंद्रात पडताळणी अधिकारी होती. लोकांनी घेतलेल्या तातड्या खऱ्या होत्या की खोट्या, हे तपासायचं तिचं काम. समोर आलेलं प्रकरण गुरुवारी सकाळचं, द्वारका चौकातलं होतं. आडगावहून नूतन खैरनार नावाची बाई आपल्या लहान मुलीला दवाखान्यात नेत होती. मुलीला दम्याचा जोराचा झटका आला होता. त्याच वेळी गंगापूर रोडहून देवळाली कॅम्पकडे निघालेले पुंडलिक आहेरही तातडीत होते. त्यांची तातडी आधी नोंदली गेली, म्हणून ते पुढे गेले आणि मुलगी मागे अडकली. ती आता बरी होती, घरीही आली होती. पण तिच्या आईने केंद्राला एक प्रश्न विचारला होता, आणि तो विचारायचा तिला नियमाने हक्क होता. माझ्यापुढे कोण गेलं ते सांगू नका. कशासाठी गेलं तेवढं सांगा.

शहरात हाताने गाडी चालवणं बंद होऊन काही वर्षं झाली होती. आता सगळीकडे चार माणसांच्या, विजेवर चालणाऱ्या, चालक नसलेल्या लहान गाड्या फिरत. त्यांना कागदोपत्री मोठं भारदस्त नाव होतं, पण नाशिककरांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना डबी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव टिकलं. बोलावली की डबी दाराशी येई आणि दाराशीच सोडी. चौकांतले सिग्नल काढून टाकले होते, कारण त्यांची गरज उरली नव्हती. चौक म्हणजे शेवटी काय, तर थोडीशी जागा आणि ती वापरायला मिळणारा एखादा क्षण. प्रत्येक डबी चौक यायच्या बरीच आधी आपली जागा आणि आपला क्षण राखून ठेवी, नाटकाची खुर्ची राखून ठेवावी तसा. मग चारी बाजूंच्या डब्या न थांबता एकमेकींच्या मधून निघून जात. द्वारका चौकात पूर्वी तासन्‌तास अडकलेली माणसं सुरुवातीला डोळे मिटून तो चौक ओलांडायची. आता तिथे कुणी मान वर करूनही बघत नसे.

पण सगळीच कामं रांगेत थांबणारी नसतात. म्हणून प्रत्येक डबीत खिडकीखाली एक लाल कळ होती. ती दाबली की केंद्रातला संगणक तुमच्या वाटेवरच्या सगळ्या चौकांतल्या जागा नव्याने वाटायचा आणि तुमची डबी सुसाट निघायची. यात वेळ काही नव्याने तयार होत नसे. तुमचा जो वेळ वाचे तो शहरातल्या शेकडो माणसांकडून चिमूटचिमूट काढून घेतलेला असे. कुणाची डबी जराशी मंद व्हायची, कुणाची एखाद्या गल्लीतून वळसा घ्यायची. कारण मात्र आधी विचारायचं नाही, हे मुद्दाम ठरवलं होतं. ज्याच्या मांडीवर बेशुद्ध माणूस आहे त्याला यंत्राने प्रश्न विचारत बसू नये. संगणकाला सगळ्या तातड्या सारख्याच, जो आधी दाबेल तो आधी जाईल. कारण पोचल्यावर सांगायचं, आणि त्यातली काही कारणं मंजिरीसारख्या माणसांनी तपासायची. दोन तातड्या एकमेकींना आडव्या आल्या तर त्याला केंद्रात छेद म्हणत. छेदाचं प्रकरण हमखास माणसाच्या टेबलावर येई.

ज्यांचा वेळ घेतला जाई त्यांना तो कुणाच्या तरी तातडीसाठी गेला हे निदान कळावं, म्हणून त्यांच्या डबीत एक पिवळा दिवा लागे. त्या दिव्याचं काय करायचं हे कुणी लोकांना शिकवलं नव्हतं, ते त्यांनी आपलं आपण ठरवलं. दिवा लागला की डबीतलं बोलणं थांबायचं. बायका सुखरूप पोचू दे म्हणायच्या, कॉलेजातली पोरंसुद्धा कानातलं गाणं बंद करायची. याच शहरात एकेकाळी रुग्णवाहिकेच्या मागे लागून आपली मोटरसायकल पुढे काढणारे लोक होते. मंजिरीला आपल्या नोकरीचा अभिमान वाटायचा तो याच कारणाने. तातडी खरी आहे असा सगळ्यांचा विश्वास होता म्हणून तो दिवा चालत होता.

आणि अण्णांनी, तिच्या वडिलांनी, तर दर सोमवारी आणि गुरुवारी तातडी घेतली होती. कारणाच्या जागी प्रत्येक वेळी एकच उत्तर होतं, मित्र आजारी.

प्रकरण घरच्या माणसाचं असेल तर ते ताबडतोब दुसऱ्याकडे द्यायचं, असा नियम होता. मंजिरीने तो त्या दिवशी पाळला नाही. तिने पडदा बंद केला आणि संध्याकाळी ती गंगापूर रोडला गेली.

अण्णा आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून एकटेच राहत होते आणि स्वतःचं सगळं नीट करत होते. मंजिरी आली तेव्हा ते दुधी चिरत होते. ती न सांगता आल्याचं त्यांना आश्चर्य वाटलं, आनंदही झाला. त्यांनी तिच्यासाठी पोहे टाकायला घेतले. पोहे भिजवले, कांदा चिरला, मग गॅस बंद करून ते पुन्हा दुधीपाशी येऊन बसले. मंजिरी भिजलेल्या पोह्यांकडे पाहत राहिली.

मग तिने गुरुवारचं विचारलं. नरिमन आजारी आहे, असं ते चटकन म्हणाले. नरिमन पटेल त्यांचा तरुणपणापासूनचा मित्र. देवळाली कॅम्पमध्ये त्याची बेकरी होती, आणि त्या बेकरीची पहिली पाटी अण्णांनी रंगवली होती. मंजिरीला हे सगळं ठाऊक होतं. नरिमनकाकांची एक बाजू मागच्या वर्षीच लुळी पडली हेही ठाऊक होतं. तिने मुद्दाम हळू आवाजात विचारलं,

"अण्णा, काका वर्षभर तसेच आहेत. गुरुवारी काय झालं होतं?"

अण्णांनी विळी मिटून बाजूला ठेवली.

"दाढी करायची होती त्याची."

मग ते हळूहळू सांगत गेले. नरिमनने जन्मात कधी गालावर खुंट राहू दिला नव्हता. भट्टीपाशी पहाटे उभा राहायचा तोसुद्धा तुळतुळीत दाढी करून. आजारपणात देखभालीला माणूस होता, पण त्याच्या घरघरत्या यंत्राला नरिमन गाल लावू देईना. एकदा अण्णांनी सहज वस्तरा हातात घेतला, आणि तेव्हापासून हे काम त्यांचंच झालं. पण एका सोमवारी ते देवळालीला पोचले, नरिमनशेजारी बसले, गप्पा मारल्या, चहा घेतला आणि परत आले. घरी पिशवीतला वस्तरा बघून त्यांना आठवलं की आपण दाढी करायला गेलो होतो. नरिमन एका शब्दाने बोलला नव्हता. पुढच्या खेपेला त्याच्या गालावर पांढरे खुंट बघून अण्णांना काय वाटलं ते त्यांना धड सांगताही येईना.

"निघताना सगळं डोक्यात असतं," ते म्हणाले. "द्वारका ओलांडली की पातळ व्हायला लागतं. नाशिकरोडपर्यंत गेलेलं असतं. तातडीने गेलं तर पोचेपर्यंत टिकतं."

हातावर लिहून न्यायचं, डबीला आठवण करून द्यायला सांगायचं, असं काहीतरी मंजिरीने सुचवलं. त्यांनी मान हलवली. ते सगळं करून झालं होतं.

"वाचलं की कळतं गं. पण ते माझं वाटत नाही. कुणीतरी सांगितलेलं काम करतोय असं वाटतं. नरिमनची दाढी मला सांगितलेलं काम म्हणून करायची नाहीये."

ते डॉक्टरांकडे जाऊन आले होते. गोळ्या चालू होत्या. मंजिरीला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं झालं की सांगू असा त्यांचा विचार होता.

घरी परतताना मंजिरी डबीत एकटीच बसली होती. पूर्वी अण्णांना कुठेही जायचं तर तीच स्कूटरवरून न्यायची. बँकेत, डोळ्यांच्या डॉक्टरकडे, देवळालीला. ती कटकट वाटायची, आणि डब्या आल्या तेव्हा सगळ्यात आधी ती सुटकेचा निःश्वास टाकून मोकळी झाली होती. अण्णा आपले आपण जाऊ लागले. रोज फोन व्हायचा आणि फोनवर अण्णा अगदी तल्लख वाटायचे. पण फोन असतो पाच-सात मिनिटांचा, तेवढ्यात माणूस काय विसरणार? त्यांच्या शेजारी बसून अर्धा तास रस्ता कापला असता तर तिला हे केव्हाच कळलं असतं. ज्या व्यवस्थेची ती राखण करत होती त्याच व्यवस्थेने तिला वडिलांच्या शेजारून उठवलं होतं, आणि तीही खुशीने उठली होती.

सकाळी ती वरिष्ठांकडे, घोलप साहेबांकडे गेली आणि सगळं सांगितलं. रात्रभर प्रकरण स्वतःकडे ठेवलं हेही सांगितलं. घोलप निवृत्तीला आलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. हे करायला नको होतं, एवढंच ते म्हणाले, आणि प्रकरण त्यांनी स्वतःकडे घेतलं. नूतनबाईंना कारण लिहून पाठवायचं होतं. घोलपांनी थोडा विचार केला आणि आजारी मित्राची शुश्रूषा असं लिहू म्हणाले. त्यात काही खोटं नव्हतं. मंजिरीला एकदम हलकं वाटलं. तेवढ्या शब्दांत सगळं मिटलं असतं, अण्णांना एक सौम्य समज मिळाली असती, आणि त्यांचा विसराळूपणा घरातच राहिला असता.

तिने बाहेर येऊन अण्णांना फोन केला आणि ते शब्द वाचून दाखवले. अण्णांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. ते विसरले की काय, असं तिला वाटून गेलं.

"खोटं नाही ते," ते शेवटी म्हणाले. "पण ती वाचेल आणि तिला वाटेल, तिकडेही कुणीतरी जाण्याच्या बेतात होतं. मग ती मुलीबद्दल मनाची समजूत घालून घेईल. अशी तिची समजूत घालू नकोस मंजू. आहे ते लिहायला सांग."

तर आहे ते लिहिलं गेलं. मित्राची दाढी करायला जात होते. वाटेत विसरायला होतं, म्हणून तातडी घेतली.

दोन्ही बाजूंची तयारी असेल तर भेटता येतं. नूतनबाईंनी भेट मागितली आणि अण्णांनी होकार दिला. केंद्रातल्या एका लहान खोलीत घोलपांनी त्यांना समोरासमोर बसवलं. मंजिरीने दाराशी खुर्ची घेतली. नूतन खैरनार आडगावच्या द्राक्ष पॅकिंगच्या शेडमध्ये कामाला होती, तिशीची, शेलाटी, कामावरून सुट्टी काढून आलेली. उत्तर वाचून आपली कुणी चेष्टा केली असं तिला वाटलं होतं, म्हणून माणूस बघायला ती आली होती. सरळ नावं घेऊन घोलपांनी दोघांची ओळख करून दिली.

तिने अण्णांना विचारलं, खरंच विसरता का.

"आत्ता साहेबांनी तुमचं नाव सांगितलं," अण्णा म्हणाले. "गेलं ते."

"नूतन."

"हां. नूतन."

तिने पिशवी टेबलावर ठेवली. मग बोलायला लागली ती अजिबात आवाज न चढवता.

"बाबा, माझी पोरगी ओठाला निळी पडली होती. लाल कळ मी दाबलेली, आणि माझ्याच डबीत पिवळा दिवा लागला. तो दिवा लागला की मी हात जोडते. आजवर जोडत आले. त्या दिवशी पोरगी मांडीवर असताना पण जोडले. म्हटलं, पुढचा माझ्यापेक्षा जास्त अडचणीत असेल, त्याला पोचू दे."

अण्णांनी डोळे खाली केले नाहीत. मंजिरीला वाटलं, आता ते माफी मागतील. त्यांनी ती मागितली, पण थोडक्यात, आणि पुढे म्हणाले की आपली कळ त्यांनी कायमची बंद करायला सांगितली आहे. घोलपांनी मान डोलावली.

"मी ते मागायला आले नव्हते," नूतन म्हणाली.

"माहीत आहे. पण कुठली तातडी मोठी, हे मला आज कळतंय. उद्या कळेलच असं नाही. कळतंय तोवर बंद केलेली बरी."

ती उठली, पिशवी खांद्याला लावली. दारापाशी मंजिरीसमोर येऊन थांबली आणि तिने वळून विचारलं की त्या मित्राची दाढी आता कोण करणार. उत्तराची तिने थोडी वाट पाहिली. अण्णा मंजिरीकडे बघत होते. मंजिरीने खुर्ची मागे सरकवून वाट करून दिली, आणि नूतन निघून गेली.

या प्रकरणानंतर केंद्रात बरीच चर्चा झाली. कारणांना क्रम लावावा, दवाखान्याची तातडी सगळ्यात वर ठेवावी, असं काहींचं म्हणणं पडलं. मग कोणी विचारलं की मरणाऱ्या आईला शेवटचं बघायला निघालेल्याला कुठे ठेवणार. एका समितीवर मंजिरीचंही नाव घातलं गेलं. तिथे प्रत्येक बैठकीत एक नवं कारण निघे आणि क्रम पुन्हा विस्कटे. अजून तरी जो आधी दाबेल तो आधी, असाच नियम आहे.

पण ते सगळं नंतरचं. त्या आठवड्यातल्या गुरुवारी मंजिरीने रजा टाकली आणि सकाळी अण्णांच्या दाराशी जाऊन उभी राहिली. सोमवार चुकला होता. अण्णा गेलेच नव्हते, एकट्याने निघायचं धाडस त्यांना झालं नव्हतं. पिशवीत वस्तरा, साबण, ब्रश, तुरटी आणि छोटा टॉवेल आहे हे त्यांनी दोनदा तपासलं.

डबी संथ चालली. वाटेत अण्णा खुशीत होते. नरिमनच्या बेकरीची पाटी रंगवताना आपण एका अक्षराला काना द्यायचा विसरलो आणि तीन महिने कुणालाच कळलं नाही, ही गोष्ट त्यांनी सांगितली. मंजिरीने ती पूर्वी कधी ऐकली नव्हती. त्यांनी तिला आपल्या पहिल्या नोकरीतल्या मुख्याध्यापकांची नक्कल करून दाखवली. द्वारका गेली. त्यांचं बोलणं विरळ होत गेलं. हात मांडीवरच्या पिशवीवर होते, पण पिशवी कशाची हे त्या हातांना ठाऊक नसावं, असे ते पडले होते. नाशिकरोडच्या पुढे त्यांनी खिडकीतून नजर काढून विचारलं,

"आपण कुठे निघालोय?"

"देवळालीला. नरिमनकाकांकडे."

"वा," ते म्हणाले, आणि पुन्हा बाहेर बघू लागले. कशाला ते त्यांनी विचारलं नाही. सांगावं का, हे मंजिरीने स्वतःशी विचारलं. सांगितलं असतं तर त्यांनी लगेच मान डोलावली असती आणि सांगितलेलं काम म्हणून वस्तरा हातात घेतला असता.

नरिमनकाका व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. गालांवर पांढरी दाढी चांगलीच वाढली होती आणि त्यामुळे ते एकदम म्हातारे, दुसरेच कुणी दिसत होते. अण्णांना पाहून त्यांचा चालता हात वर आला. अण्णा शेजारी बसले. दोघांनी एकमेकांना शिव्या घालून विचारपूस केली. थोड्या वेळाने नरिमनकाकांनी मंजिरीकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग पुन्हा तिच्याकडे, आणि नजरेनेच तिला गप्प राहायची खूण केली. त्यांना सगळं कळलेलं होतं. कदाचित तिच्या कितीतरी आधीपासून.

मंजिरीने वाटीत कोमट पाणी आणलं. पिशवीतून एकेक वस्तू काढून स्टुलावर मांडली.

"काका, मी करू का? चालेल?"

नरिमनकाका हसले. त्यांचं हसू अर्ध्याच तोंडाने यायचं.

"तू कधी केलीस काय कोणची?"

"नाही."

"चालेल," ते म्हणाले. "मी पण तुझ्या हाताला नवीनच आहे."

तिने साबणाचा फेस केला, गालावर लावला. मग वस्तरा उघडला. अण्णा शेजारच्या खुर्चीत बसून कौतुकाने बघत होते, दुसऱ्याच्या घरचं काम बघावं तसे. तिने पातं जबड्याच्या कडेला टेकवलं आणि वरच्या बाजूला ओढणार तोच अण्णा म्हणाले,

"वरून खाली."

ती थांबली.

"कातडी ताणून धर. तशी नाही. अंगठ्याने."

ते खुर्चीतून उठले होते. नरिमनकाकांच्या मागे जाऊन त्यांनी दोन्ही हातांत त्यांचं डोकं धरलं, हनुवटी किंचित वर केली, गाल मागे ओढून सपाट केला. त्यांच्या चेहऱ्यावर काही आठवल्याची खूण नव्हती. इथे आपण कशाला आलो हे त्यांना अजूनही ठाऊक नव्हतं. हातांना मात्र पुढे काय करायचं ते नीट कळत होतं.

"आता ओढ. हलक्या हाताने. नरिमन, हलू नकोस."

"मी कुठे हलतोय?"

"बोलू पण नकोस."

मंजिरीने पातं खाली ओढलं. फेसाखालून गुलाबी कातडीचा एक पट्टा निघाला. ती पुढे करत गेली, अण्णा डोकं वळवून देत गेले, उजवीकडे, डावीकडे, मागे. ओठाच्या लुळ्या बाजूला त्यांनी आपलं बोट आतून गालाला लावून आधार दिला. कुणी घाई करत नव्हतं. देखभालीचा माणूस दाराशी येऊन बघून गेला.

शेवटी तिने टॉवेलने तोंड पुसलं आणि तुरटी फिरवली. नरिमनकाकांनी डोळे मिटून घेतले होते. अण्णांनी पालथ्या बोटांनी दोन्ही गाल तपासले, शाळेत पोरांचं चित्र तपासावं तसे, आणि डाव्या कानाखाली त्यांचं बोट थांबलं.

"इथे राहिलंय," ते म्हणाले.

मंजिरीने पुन्हा ब्रश पाण्यात बुडवला.